भावाच्या फोनमधला एजंट

माझा धाकटा भाऊ ड्रायव्हर होता. हिंजवडीतल्या कंपन्यांची माणसं घरून न्यायची आणि परत घरी सोडायची, हे त्याचं काम. गेल्या पौषात एका दुपारी मारुंजीच्या रस्त्यावर त्याच्या छातीत दुखायला लागलं. त्यानं गाडी कडेला घेतली, हँडब्रेक ओढला, मागे बसलेल्या दोघांना "जरा पाणी देता का" म्हणाला, आणि बाटलीचं झाकण उघडेपर्यंत गेला. हँडब्रेकची गोष्ट त्या दोघांपैकी एका मुलीनं मला नंतर सांगितली. पुढचे कितीतरी दिवस मी त्या एका वाक्याला धरून होते.

हे लिहितेय ते मात्र त्याच्या जाण्यानंतरच्या दिवसांबद्दल. भावजयीला विचारून लिहितेय. ती म्हणाली, "लिव्हा की. नावं तेवडी घालू नका. तसं बी आपल्या घरात तुमच्याबिगर पुस्तक कोन उघडतंय?"

आमचं घर मुळशी धरणाच्या काठच्या गावात. मी लग्नानंतर भुकूमला राहते, एका कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. गावाकडच्या घरात भाऊ, भावजय आणि त्यांची आठ वर्षांची मुलगी. भिंतीला भिंत लावून चुलतभावाचं घर, तिथं तो आणि काकू. दोन्ही घरांची मिळून रस्त्याला लागून भाताची दीड एकर आहे. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं आहेत, माझंही आहे. आजूबाजूची शेतं गेली, तिथं रिसॉर्ट आले, शनिवार-रविवारी गाण्यांचा आवाज येतो. आमची दीड एकर मात्र राहिली, कारण वडील गेले तेव्हा या दोघा भावांनी एकमेकांना शब्द दिला होता की हे रान कुणी एकट्यानं काढायचं नाही. तेव्हापासून जमिनीच्या एजंटांचे फोन दोघांनाही रोज यायचे आणि दोघेही त्यांना रोज शिव्या घालायचे.

भावाला मुलगा नाही, म्हणून मडकं चुलतभावानं धरलं. केसही त्यानंच उतरवले. सावडून आलो त्या दिवशी भावाचा फोन सारखा वाजत होता. त्याच्या कंपनीतली माणसं, सोयरे, मित्र. भावजय माजघरात घोंगडीवर बसलेली, तिच्यापुढं बायकांचा गराडा. मी फोन उचलला आणि चुलतभावाच्या हातात दिला. म्हटलं, "दहाव्याचं सगळ्यांना तूच सांग बाबा, माझ्यानं बोलवत नाही." फोनला लॉक होतं, पण आलेला फोन उचलता येत होता, तेवढं पुरेसं होतं. गेलेल्या माणसाचा फोन घरातल्या कर्त्या पुरुषाकडं जातो, आमच्याकडं तशीच रीत पडली आहे. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

सहाव्या दिवशी दुपारी बायका पांगल्या, तेव्हा भावजयीनं मला जवळ बोलावलं.

"वन्सं, त्यांचा फोन कुटंय?"

मी सांगितलं.

ती एकदम उठूनच बसली. "त्याला का दिलात?"

"अगं, निरोप द्यायला."

"काढून घ्या. कायबी सांगा, पन काढून घ्या."

मला वाटलं, फोनमध्ये भावाचे फोटो असतील, त्याचा आवाज असेल, तो हवा असेल. तसं मी म्हटलंही. तिनं मान हलवली, धान्याच्या कणगीमागं हात घालून एक प्लास्टिकची बाटली काढली. तिच्यावर केस गळण्याच्या औषधाचं लेबल होतं. आतल्या गोळ्या तिनं तळहातावर ओतल्या. पाच होत्या.

"केसाच्या न्हाईत ह्या," ती म्हणाली. "एचआयव्हीच्या. मी रोज घेती. त्ये बी घ्यायचे."

मुलीच्या वेळी दिवस गेले तेव्हा सरकारी दवाखान्यात सगळ्या गरोदर बायकांची करतात तशी तिचीही तपासणी केली होती. त्यात निघालं. मग भावाची केली, त्यालाही निघालं. कुणाकडून कुणाला, हे त्यांनी कधी उकरलं नाही. ती म्हणाली, "मला वाटलं हाकलून देत्यात आता. तर म्हन्ले, चल, दोगांनी मिळून गोळ्या खाऊ." मुलीला औषध दिलं, दीड वर्षांची झाल्यावर शेवटची तपासणी झाली, तिला काही नव्हतं. आठ वर्षं दोघं गोळ्या घेत होते. भाऊ त्या आजारानं गेला नाही, हे डॉक्टरांच्या कागदावर लिहिलेलंच होतं. पण गावाला कागद कशाला लागतोय.

शहरातल्या सरकारी केंद्रातून दोघांच्या गोळ्या भाऊच आणायचा. पुढची तारीख काय, तपासणी कधी, हे सगळं त्याच्या फोनवर यायचं. तिथल्या समुपदेशक बाई दोघांशी व्हिडिओवर बोलायच्या. भावजयीकडं बटणाचा साधा फोन. बाईंचा नंबर तिला पाठ नव्हता, औषधांच्या पुस्तकाचे फोटो, रिपोर्ट, सगळं भावाच्या फोनात होतं. आणि तेरावं होईपर्यंत तिला उंबरा ओलांडता येणार नव्हता. त्या काळात बाई बाहेर पडली तर का पडली, हे सगळ्या गावाला सांगावं लागतं.

मला आधी काय वाटलं ते खरं लिहायला हवं. मला राग आला. दर वर्षी पहिल्या डिसेंबरला मी ग्रंथालयात या विषयावरची पुस्तकं मांडते, फलकावर हेल्पलाइनचा नंबर लावते. एकदा भाऊ मला न्यायला आला होता तेव्हा त्या टेबलापाशी उभा राहून म्हणाला होता, "आक्का, ही पुस्तकं कोन नेतं का?" मी म्हटलं, "तिथून कुणी उचलत नाही, लोक लाजतात." तो हसला होता. माझ्याजवळही त्यानं कधी विषय काढला नाही. मी इतकी परकी होते का, असं वाटून गेलं. भावजयीला माझा चेहरा वाचता आला असावा. "तुमास्नी सांगायचं म्हनत व्हते," ती म्हणाली. "पन म्हनायचे, तिला सांगितलं की ती लई वाचत बसंल."

मी चुलतभावाकडं गेले. तो ओट्यावर दहाव्याच्या सामानाची यादी करत होता. मी म्हटलं, "फोन दे रे, फोटो बघायचेत तिला."

त्यानं खिशातून फोन काढला, पण दिला नाही. पडदा माझ्यापुढं धरला. "ह्यो एजंट कोन, आक्का?"

भावानं एक नंबर 'एजंट, पिरंगुट' म्हणून ठेवला होता. त्या नावाचे अकरा मिस्ड कॉल दिसत होते.

"मी एकदा उचलला," तो म्हणाला. "बाई व्हती. ह्याचं नाव घेतलं. मी म्हन्लं मी त्याचा भाऊ, काय काम हाय? तर म्हनं, नंतर करते, आन् कट. परत मी लावतोय तर ह्या लॉकमुळं लागंना. अकरा डाव फोन, आक्का! एवडा कुटला एजंट करतो? यवहार ठरल्याबिगर?"

मला सगळं कळलं. आमच्या भागात एजंटाचा फोन आला तर कुणी विचारत नाही. भावानं समुपदेशक बाईंना त्या नावाखाली लपवलं होतं, आणि जिवंतपणी ते लपलंही होतं. आलेले निरोप पडद्यावर दिसू नयेत अशी सोयही त्यानं करून ठेवली होती. आपण गेल्यावर बाई काळजीनं फोन करत राहतील, हे त्याच्या ध्यानात आलं नसणार.

"मला शब्द दिलता त्यानं," चुलतभाऊ म्हणाला. त्याचा आवाज चिडका नव्हता, त्यामुळं जास्त लागला. "मडकं धरलं मी त्याचं. आन् ह्यो माझ्या माघारी रान इकत व्हता?"

आतून काकू म्हणाली, "त्यो कशाला इकतोय? त्याच्या मागं लागली आसंल घोंगडीवरची. कशी गप बसलीया बघ. गप बसनारीच्याच पोटात आसतंय."

भिंत पातळ आहे. हे भावजयीला ऐकू गेलंच.

आधी गोळ्यांचं पाहायला हवं होतं. हेल्पलाइनचा नंबर मी माझ्या मोबाईलवर शोधला. पलीकडच्या माणसानं सावकाश ऐकून घेतलं, केंद्र कुठलं ते विचारलं, आणि अर्ध्या तासात त्याच समुपदेशक बाईंचा मला फोन आला. मी माझी ओळख दिली, भाऊ गेल्याचं सांगितलं. कधी, एवढंच त्यांनी विचारलं. मग म्हणाल्या, "ताई, वाईट वाटू देऊ नका, पण तुम्ही बहीण असलात तरी मी तुमच्याशी यातलं काही बोलू शकत नाही. त्यांना फोन द्याल का? चेहरा दिसला तर बरं."

आमच्या घरात व्हिडिओ चालेल इतकी रेंज फक्त परसात, शेवग्याच्या झाडाखाली. भावजय न्हाणीकडं जाते म्हणून उठली आणि तिथं फोन धरून उभी राहिली, पदर पुढं ओढून. मी मधल्या दोरीवर धुणं वाळत घालत राहिले. आवाज तेवढा कानावर येत होता. बाईंनी विचारलं, "जेवता का?" नंतर विचारलं, "झोप लागते का?" गोळ्यांचं त्यानंतर विचारलं. भावजय पहिल्यांदाच रडली ती त्या पडद्यासमोर. सहा दिवस बायका तिला रडवायला बघत होत्या, तिचे डोळे कोरडेच होते.

काकू मागच्या दारात आली. "कुनाचा फोन गं ह्यो, सुतकात?"

"माझ्या कॉलेजातल्या मॅडम आहेत, काकू. सांत्वनाला केलाय."

"मग तू बोल की. तिला कशाला दिलास?"

"तिचा नवरा गेलाय ना," मी म्हटलं.

काकू आत गेली.

भावजयीनं व्हिडिओवर सांगितलं की गोळ्या माझ्या नणंदेकडं द्या. आधारकार्डाचा फोटो पाठवायचा आणि दुसऱ्या दिवशी मी जायचं, असं ठरलं. मी गेले. लाकडी बाकावर माझ्यासारखीच माणसं होती, कुणी मोबाईलमध्ये, कुणी डबा खात. मला काय वाटलं होतं कोण जाणे, मी डोळ्यांवर पदर घेऊन गेले होते. आत गेल्यावर तो घेतल्याचीच मला लाज वाटली. तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या, त्या मी बरोबर नेलेल्या केसांच्या औषधाच्या बाटलीत भरल्या.

परत आले तर नवीनच ऐकलं. चुलतभाऊ सकाळी फोन घेऊन मारुंजीला जाणार होता. तिथं एक दुकानदार कुठल्याही फोनचं लॉक काढून देतो. मग एजंटाशी काय बोलणं झालं ते सगळं वाचायचं, आणि दहाव्याला भाऊकी बसली की सगळ्यांसमोर मांडायचं.

मी भावजयीला सांगितलं. ती गोळ्यांची बाटली कणगीमागं ठेवत होती, तशीच थांबली.

"मला जमीन इकनारी म्हनू द्या," ती म्हणाली. "चोर म्हनू द्या. मी म्हन्ते की व्हय, आमी इकत व्हतो. पन ते वाचलं तर ह्या घरात मला ताट बी येगळं करत्याल. पोरीला शाळंत कोन शेजारी बसवंल? काकू तिला मांडीवर घेती रोज. घेईल का?"

"तू विकणार होतीस म्हणालीस तरी तो फोन उघडणारच. किती पैसे ठरले, ते बघायला."

तिनं बाटली कणगीमागं सरकवली. मलाही तेव्हा काही सुचलं नव्हतं. मी रात्रभर विचार केला असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी दमले होते, झोपले.

सकाळी मोटारसायकलला किक मारल्याचा आवाज आला आणि मी अनवाणी बाहेर गेले. त्याच्या वरच्या खिशात भावाचा फोन होता.

"थांब. जाऊ नको."

"लगीच येतो, आक्का. लॉक काढून आनतो."

"काढू नको. तो एजंट माझा आहे."

त्यानं गाडी बंद केली. "म्हंजे?"

"मला माझा हिस्सा विकायचा होता. तुला विचारायला तोंड नव्हतं, म्हणून त्याला म्हटलं तू चौकशी कर. ती बाई एजंटाच्या ऑफिसातली."

तोंडातून निघून गेल्यावर मी ते ऐकलं. आमच्याकडं बहिणीचं नाव सातबाऱ्यावर असतं, ते तिनं कधीतरी सही करून सोडून द्यायचं असतं. त्याबद्दल तिला माहेर मिळतं. गौरीला बोलावणं, साडी, तांदूळ, आणि यायला एक दार. हिस्सा मागणारी बहीण कोर्टात जिंकते, पण गावात तिचं नाव काढताना लोक आवाज खाली करतात. मी कधी मागितलाही नव्हता आणि सोडलाही नव्हता. विषयच निघाला नव्हता.

काकू ओट्यावर आली होती. "बघा! मी घोंगडीवरचीला बोलत व्हते, आन् ही निगाली! भाऊ जाऊन आठ दिस न्हाई झालं. काय कमी केलं गं तुला? यंदाच्या गौरीची साडी बी आत्ताच आनून ठिवलीया मी. शिकून शिकून ह्येच शिकलीस व्हय?"

"आये, गप," चुलतभाऊ म्हणाला. तो माझ्याकडंच बघत होता. नुकतेच केस उतरवलेल्या डोक्यावर त्यानं हात फिरवला. "त्यो काय म्हनला तुला? व्हय म्हनला का?"

मी तयारी करून खोटं बोलले नव्हते, त्यामुळं हा प्रश्न मला अपेक्षित नव्हता. पण एजंटांना भाऊ कायम काय म्हणायचा ते मला ठाऊक होतं, तेवढं उत्तर खरंच होतं.

"नाही म्हणाला. शब्द दिलाय म्हणाला. शेवटपर्यंत नाहीच म्हणत होता."

त्याचे डोळे भरले. मोटारसायकलवर बसल्या बसल्या तो रडला, मोठ्यानं, इतक्या दिवसांचं साठलेलं. "मला ठावं व्हतं," तो म्हणाला. "ठावं व्हतं मला. उगंच मी..."

मग त्यानं फोन काढून माझ्या हातात दिला. "घे. तुज्या एजंटाला सांग, हितं पाय ठिवू नको. आन् तू बी सही करून दे, आक्का. कुनाला रान जायचं न्हाई."

"देते," मी म्हटलं. "भावजयीच्या नावानं देते."

"कुनाच्या बी नावानं दे, घरात ऱ्हाऊ दे," तो म्हणाला आणि आत गेला.

भावजयीला फोनचं लॉक माहीत होतं. दार लावून तिनं तो उघडला आणि मला जवळ बसवलं. त्या एजंटाबरोबरचं बोलणं वर्षानुवर्षांचं होतं. रोज एक निरोप यायचा, गोळी घेतली का. रोज भावाचं उत्तर. घेतली. कधी नुसता अंगठा. कधी, "गोळी घेतली, मंडळींची बोलणी पण घेतली." कधी, "दोघांनी घेतली. आमटी खारट होती, गोळी बरी लागली." भावजय वाचायची आणि म्हणायची, "खोटं हाय, आमटी चांगली झालती." तो गेला त्या दिवशी निरोप आला होता, त्याला उत्तर नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. मग ते अकरा फोन. एवढ्या वर्षांत तो एक दिवस गप्प राहिला नव्हता, म्हणून बाईंना राहवलं नव्हतं.

सही मी तेराव्यानंतर पौडला जाऊन दिली. चुलतभाऊ बरोबर होता. त्यानं चहा पाजला, बोलला नाही. गौरी आल्या, मला बोलावणं आलं नाही. काकूनं आणून ठेवलेली साडी कुणाला दिली, ते मी विचारलं नाही. गावातली एक बाई मला भूगावच्या दुकानात भेटली, तिनं माझ्याकडं पाहून पिशवी दुसऱ्या हातात घेतली. एवढंसंच. पण मला आठवलं की मी केंद्रात पदर ओढून गेले होते.

आता भावजय तीन महिन्यांनी गोळ्या घ्यायला स्वतः जाते. येताना भुकूमला उतरते, माझ्या स्वयंपाकघरात बसून बाईंशी व्हिडिओवर बोलते. गेल्या खेपेला तिच्या रक्ताचा रिपोर्ट आला होता. बाई म्हणाल्या, विषाणू दिसण्याइतकाही नाही, अशाच घेत राहा. फोन ठेवून तिनं चहाचा कप हातात घेतला.

"वन्सं, मी सांगून टाकू का त्यांना?"

"काय?"

"सगळं. तुमी हिस्सा मागितलाच न्हाई म्हनून. पलीकडचा दादा लई वाईट वाटून घेतो तुमचं. काकू बी आठवन काढती, मग शिव्या देती. माज्यामुळं तुमचं म्हायेर तुटलं."

खरं सांगायचं तर ते ऐकून मला बरं वाटलं. सांग, असं म्हणावंसंही वाटलं. गौरीचे ते तीन दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. पण तिनं कप अजून तोंडाला लावला नव्हता.

"तुला सांगायचंय का?" मी विचारलं. "माझं सोड. तुझं सांग."

तिनं कप खाली ठेवला. खिडकीबाहेर सोसायटीचं पाणी सुटल्याचा आवाज येत होता.

"न्हाई," ती म्हणाली. "आजून न्हाई. पोरगी जरा मोटी होऊ द्या."

"मग नको सांगूस."

"तुमी चिडनार न्हाई ना?"

"अधूनमधून चिडेन," मी म्हटलं.

ती हसली. थंड झालेला चहा तिनं एका घोटात संपवला, कप विसळून पालथा घातला, आणि मुळशीची एसटी किती वाजता आहे ते बघा म्हणाली.